आईच्या गोळ्यांमधलं झिंक आणि तांब्याच्या कळशीतलं पाणी : हिशोब कसा जुळवायचा?

सायली_मुलुंड
आई ७१ वर्षांची, गिरगावात एकटी राहते, तशी ठणठणीत आहे. परवा तिचा गोळ्यांचा डबा लावून देताना लक्षात आलं की तीन वेगवेगळ्या गोळ्यांत झिंक आहे. एक डोळ्यांची, मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा, त्रास आहे म्हणून नेत्रतज्ज्ञांनी दिलेली. दुसरी मल्टीविटामिन. तिसरी नुसती झिंकची, ती कोविडमध्ये सुरू झाली आणि बंद कर असं कोणी म्हटलंच नाही म्हणून केमिस्टकडून दर महिन्याला येतेय तशी येतेय.

जास्त झिंक घेतलं की अंगातलं तांबं कमी होतं असं वाचलं, तर आईचं उत्तर तयार, "लग्न झाल्यापासून तांब्याच्या कळशीतलं पाणी पितेय, मला कसलं कमी पडतंय तांबं!" तर प्रश्न असा की ते पाणी खरंच पुरतं का? का तांब्याची गोळी वेगळी सुरू करायची? आणि जेवणातून दोन्हीचा मेळ कसा घालायचा? मासे खाते पण हल्ली आठवड्यातून एखाद वेळ, मटण जवळपास बंदच.

नुसतावाचक
आमच्याकडेही सेम कळशी सेम डायलॉग. वाचतोय.

पार्लेकर_७१
आई बरोबर बोलतायत. आमच्या घरी तीन पिढ्या तांब्याचं पाणी पितात, वडील नव्वदीपर्यंत पार्ले ते चर्चगेट लोकलने एकटे जायचे. माझं म्हणाल तर सगळ्या गोळ्या द्या फेकून आणि पाणी चालू ठेवा.

स्टेथो
पार्लेकर, सगळ्या नको हो! सायलीताई, डोळ्यांची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, सांगतो का ते.

मॅक्युलाच्या त्रासासाठी या गोळ्या देतात त्यामागे अमेरिकेतला एआरईडीएस नावाचा मोठा अभ्यास आहे, २००१ मध्ये निष्कर्ष आले. त्यात रोज ८० मिग्रॅ झिंक दिलं होतं, आणि एवढ्या झिंकने तांबं घटून रक्तक्षय होऊ नये म्हणून त्याच गोळीत २ मिग्रॅ तांबं मुद्दाम घातलं होतं. म्हणजे ती गोळी बनवणाऱ्यांनी तुमच्या प्रश्नाचा विचार आधीच केलाय. २०१३ मध्ये त्याचा पुढचा अभ्यास आला, त्यात २५ मिग्रॅ झिंकही वापरून बघितलं, त्यामुळे आता बाजारात दोन्ही प्रकार मिळतात. मला काळजी आहे ती बाकीच्या दोन गोळ्यांची, त्यांत तांबं बहुधा नसणार किंवा नावापुरतं असणार.

आता झिंकने तांबं कमी का होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन असतं. झिंक भरपूर आलं की पेशी हे प्रथिन जास्त बनवतात, आणि ते प्रथिन झिंकपेक्षाही तांब्याला घट्ट धरून ठेवतं. त्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि अडकलेलं तांबं रक्तात न जाता शौचावाटे निघून जातं. हे रोज, महिनोन्महिने चालू राहिलं की साठा हळूहळू संपतो.

मला तीन गोष्टी सांगा. तिन्ही पाकिटांवर एलिमेंटल झिंक, म्हणजे क्षार सोडून निव्वळ झिंक, किती लिहिलंय? आईंचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? आणि पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं असलं काही आहे का?

सायली_मुलुंड
@स्टेथो, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. गणपतीपासून दोन्ही तळपायांना मुंग्या येतायत म्हणते, चाळीचा जिना उतरताना कठडा धरते. आम्ही वयाचं समजत होतो, बी१२ ची इंजेक्शनं पण झाली. फार फरक नाही.

पाकिटं बघून लिहिते. डोळ्यांच्या दोन गोळ्या मिळून झिंक ८०, तांबं २. मल्टीविटामिनवर लिहिलंय "झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिग्रॅ". तिसरीवर सरळ "एलिमेंटल झिंक ५०".

लॅबकन्या
६१.८ बघून घाबरू नका, तो पूर्ण क्षाराचा आकडा आहे. मोनोहायड्रेट सल्फेटमध्ये झिंक साधारण ३६ टक्के, म्हणजे तुमच्या गोळीत २२.५ च्या आसपास. सल्फेटचाच हेप्टाहायड्रेट प्रकार असेल तर २३ टक्के, ग्लुकोनेट असेल तर जेमतेम १४. लोक दोन पाकिटं हातात धरून आकड्यांची तुलना करतात आणि इथेच फसतात, एकावर क्षार लिहिलेला असतो आणि दुसऱ्यावर झिंक.

शेवग्याचीशेंग
म्हणजे ८० + २२.५ + ५० = १५२.५ मिग्रॅ दिवसाला??? आपल्या आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात बाईला दिवसाला १३ च्या आसपास लागतं आणि वरची मर्यादा ४० आहे.

स्टेथो
हो, आणि या आकड्याला वैद्यकात एक वेगळाच अर्थ आहे. विल्सन्स डिसीज नावाचा आनुवंशिक आजार असतो, किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला, त्यात लिव्हरला जादाचं तांबं बाहेर टाकता येत नाही, ते लिव्हरमध्ये आणि मेंदूत साठतं, काहींच्या बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसतं. त्या पेशंटना तांबं आत शिरू नये म्हणून झिंक देतात. डोस किती, तर ५० मिग्रॅ, दिवसातून तीनदा. म्हणजे १५०.

आईंना तो आजार नाही आणि त्या औषधाएवढं झिंक घेतायत. विल्सन्सच्या पेशंटचं तांबं आम्ही तपासत राहतो, इथे कोणी तपासतच नव्हतं.

तांबं फार कमी झालं की हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी उतरतात, मज्जारज्जूवर परिणाम होतो, मुंग्या येतात, तोल जातो. चित्र हुबेहूब बी१२ च्या कमतरतेसारखं दिसतं, म्हणून इंजेक्शनं दिली जातात आणि फरक पडत नाही. आईंना हेच झालंय असं मी इथे बसून म्हणत नाही, मधुमेह, मणके, थायरॉईड, कारणं बरीच असतात. पण या आठवड्यातच फिजिशियनना दाखवा, तिन्ही पाकिटं सोबत न्या. नुसती झिंकची गोळी आजपासून थांबवायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

सायली_मुलुंड
उद्याच नेते. मनापासून आभार.

तांबट
आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पायधुणीला तांबा काट्यावर भांड्यांच्या धंद्यात, त्यामुळे तांब्याच्या बाजूने बोलायला मलाच जास्त आवडलं असतं. पण गिऱ्हाइकाला खरं सांगावं.

बंगळुरूला २०१२ मध्ये एक चांगला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. जुलाबाचे जंतू मुद्दाम सोडलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, जंतू मेले. हा तांब्याचा गुण खराच आहे. त्याच पाण्यात तांबं किती उतरलं तेही मोजलं होतं, लिटरला ०.१८ मिग्रॅच्या आसपास. डब्ल्यूएचओची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला २ मिग्रॅ, म्हणजे भीती काहीच नाही. पण माणसाला दिवसाला साधारण ०.९ मिग्रॅ तांबं लागतं, तर एक लिटरमधून त्याचा पाचवा हिस्सा आला. रोजच्या गरजेत तेवढी भर म्हणून चांगलं आहे, पण दीडशे मिग्रॅ झिंकसमोर ते कुठे टिकणार.

भांडं नवं-जुनं, पाणी किती तास राहिलं, पाणी आम्लधर्मी आहे का, यावर आकडा हलतो. लिंबूपाणी, ताक, कोकम सरबत तांब्यात अजिबात ठेवू नका. बाटल्यांचं फॅड आल्यापासून लोक त्यात लिंबू पिळून ऑफिसला नेतात आणि मग मळमळतं म्हणून भांड्यालाच नावं ठेवतात.

पार्लेकर_७१
जंतू मरतात हे तरी मान्य झालं ना. पाण्याबद्दलचा माझा शब्द मी मागे घेत नाही. गोळ्यांचं स्टेथो म्हणतात ते पटलं, डोळ्यांची राहू दे.

पाध्येकाका
दोन्ही बाजूंनी बोलणं चाललंय म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो, तरुण मंडळींना ठाऊक नसेल. आमच्या लहानपणी महाराष्ट्रात तान्ह्या मुलांना लिव्हर सुकण्याचा एक आजार व्हायचा, वर्ष-दोन वर्षांचं मूल, पोट फुगायचं, आणि बहुतेक मुलं दगावायची. एकाच घरात पाठोपाठ दोन मुलं गेलेली मी पाहिली आहेत. इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस असं त्याचं डॉक्टरी नाव. या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं प्रचंड सापडायचं.

पुण्याच्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी मिळून यावर काम केलं, १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. त्यांच्या लक्षात आलं की ज्या घरांत बाळाला लवकर वरचं दूध सुरू व्हायचं आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलं, ठेवलं जायचं, तिथे हा आजार जास्त. पाण्यात तांबं थोडं उतरतं, पण दुधातलं केसीन त्याला बांधून घेतं, त्यामुळे दुधात ते कितीतरी जास्त जमतं. आणि तान्ह्या बाळाचं लिव्हर ते बाहेर टाकायला तयार झालेलं नसतं. पुढे घरोघरी स्टील आलं, आयांना सांगितलं गेलं, आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातही असाच आजार होता, तिथेही कारण तेच, भांड्यातलं दूध.

म्हणून हौसेने तांब्या-पितळेची भांडी परत आणणाऱ्या सुनांना माझं कळकळीचं सांगणं आहे, कल्हई करून घ्या, आणि बाळाचं दूध स्टीलमध्येच.

घारेघावन
काका, अंगावर काटा आला. माझ्या आजीची दोन भावंडं अशीच गेली असं ती सांगायची, "पोट मोठं होऊन गेली" एवढंच ठाऊक होतं घरात. आज कारण कळलं.

अवांतर : दादर-माहीम भागात कल्हईवाला येतो का हल्ली कोणाकडे? लहानपणी गल्लीत भाता घेऊन बसायचा, नवसागराचा तो पांढरा धूर.

तांबट
दारावर येणारे फार कमी उरलेत. तांबा काट्यावर भांडी आणून दिलीत तर करून मिळते. कथलाचीच कल्हई करतात का ते विचारून घ्या.

वजनदार
मला उलटा प्रॉब्लेम आहे. जिममध्ये ट्रेनर सगळ्यांना झिंक ५० घ्यायला लावतो, टेस्टोस्टेरॉन वाढतं म्हणून. आणि एका हेल्थ पॅकेजमध्ये "कॉपर-झिंक रेशो" जास्त आला तर लगेच फोन, सर तुमची बॉडी कॉपर टॉक्सिक आहे, आमचं डिटॉक्स घ्या. किंमत ऐकून मीच टॉक्सिक झालो. खरंच काही असतं का हे?

लॅबकन्या
मी परळला लॅबमध्ये काम करते, रोज हेच बघते. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. कुठेही सूज, इन्फेक्शन, साधा ताप असला तरी ते प्रथिन वाढतं, म्हणून तांबं जास्त दिसतं. गरोदरपणात वाढतं, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतं. झिंकचं बरोबर उलटं, ताप किंवा इन्फेक्शनमध्ये रक्तातलं झिंक खाली जातं. म्हणजे तुम्हाला गेल्या आठवड्यात साधा फ्लू झाला असेल तरी रेशो "बिघडलेला" येणार, आणि बरे झालात की आपोआप सुधारणार. त्यावरून अंगात तांबं साठलंय असं म्हणणं चूक आहे.

शिवाय झिंकसाठी नळी वेगळी लागते, साध्या नळीच्या बुचातूनही झिंक उतरू शकतं. रक्त घेताना पेशी फुटल्या तर जास्त येतं, जेवणानंतर कमी येतं. म्हणून सकाळी उपाशी, योग्य नळीत, आणि आजारी नसताना. सायलीताई, आईंसाठी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीरम कॉपर (रक्तातलं तांबं) आणि सेरुलोप्लाझ्मिन तिन्ही एकदम सांगतील बहुतेक, शेवटचे दोन सोबत बघितल्याशिवाय अर्थ लागत नाही.

स्टेथो
वरच्या प्रतिसादाला +१. वजनदार, ज्याच्या अंगात झिंक खरंच कमी आहे त्याला दिल्यावर फरक पडतो. ज्याचं पुरेसं आहे त्याला वरून ५० दिल्याने टेस्टोस्टेरॉन वाढत बसत नाही. मटण-अंडी खाणाऱ्या जिमवाल्याला तर मुळात गरज नसते.

शेवग्याचीशेंग
पण झिंकची कमतरता ही खोटी गोष्ट नाहीये हं, इथे सगळे झिंकच्या मागे लागलेत म्हणून लिहिते. माणसात झिंक कमी पडू शकतं हे जगाला दाखवलं ते आपल्या बिहारमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. इराणमध्ये शिराझला काम करत असताना त्यांच्याकडे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, दिसायला लहान मुलाएवढा, वयात आलेलाच नाही. तिथले असे पेशंट बिनखमिराची रोटी खाऊन जगायचे आणि माती खायचे. १९६१ मध्ये त्यांनी यावर लिहिलं, पुढे इजिप्तमध्ये काम करून झिंकचं सिद्ध केलं. आधी कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

कारण होतं धान्यातलं फायटेट. ते झिंकला पकडून ठेवतं. आपल्या आयसीएमआरने पुरुषांना १७ मिग्रॅ सांगितलंय आणि अमेरिकेत ११ आहे, त्यामागे आपलं धान्य-डाळींचं जेवण हेच मोठं कारण. माझ्यासारख्या पूर्ण शाकाहारी लोकांनी याकडे लक्ष द्यायला हवं. आणि उपाय आपल्या स्वयंपाकात आहेतच, मटकी-मूग भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं, इडली-डोसा-आंबोळीचं पीठ आंबवलं की कमी होतं. कच्च्या डाळीच्या पिठापेक्षा मोडाची उसळ बरी. मी नाचणी पण मोड काढूनच दळते.

तीळ मला सगळ्यात आवडतो कारण त्यात दोन्ही आहे, १०० ग्रॅममध्ये झिंक साडेसात-आठ मिग्रॅ आणि तांबं चारच्या आसपास. एक मोठा चमचा तीळ म्हणजे तांबं जवळपास ०.४ मिग्रॅ, कळशीच्या दोन लिटर पाण्याएवढं! चटणी करून ठेवा, रोज भाकरीवर. काजूतही दोन्ही आहे, भोपळ्याच्या बियांतही.

चिंबोरी
शाकाहारी लोकांनी किती कष्ट करायचे ते 😀 आमच्या वर्सोव्याला या, कालवं खा. झिंकमध्ये कालवांच्या वर काही नाही, आणि तांबंही भरपूर, म्हणजे देवाने दोन्ही एकत्रच घालून ठेवलंय. आमची आजी ओहोटीला खडकावर कोयती घेऊन जायची कालवं फोडायला. चिंबोरीत पण दोन्ही असतं. सायली, तुझ्या आईला सांग, कळशी ठेव पण आठवड्यातून दोनदा बाजाराची पिशवी पण उचल.

फक्त कालवं नीट शिजवून, कच्ची नाही. आणि कुठल्या खाडीची आहेत ते विचारून घ्यायचं, गटाराच्या तोंडाशी वाढलेली नकोत.

पार्लेकर_७१
कालवांचं सुकं! चिंबोरीताई, रेसिपीचा वेगळा धागा काढा बघू.

घारेघावन
कोणी सांगेल का, तांब्याने पांढरे केस काळे होतात हे खरं आहे? सासूबाई मला रोज सकाळी दोन ग्लास पाजतात.

स्टेथो
केसाचा काळा रंग ज्या एन्झाइमने बनतो त्याला तांबं लागतं, तेवढं खरं. तांब्याची मोठी कमतरता असेल तर रंग उतरू शकतो. पण वयाने किंवा आनुवंशिकतेने पांढरे झालेले केस पाण्याने काळे होत नाहीत. पाणी प्या, सासूबाई खूश राहतील.

सगळ्यांसाठी एक, झिंक घ्यायचंच असेल तर जेवणानंतर, उपाशीपोटी हमखास मळमळतं. लोहाच्या गोळीसोबत नको, एकमेकांच्या आड येतात. डॉक्सी किंवा सिप्रोसारखी अँटिबायोटिक चालू असेल तर मध्ये काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर अँटिबायोटिकच नीट शोषलं जात नाही. आणि तांब्याची सुटी गोळी रिपोर्टशिवाय कोणीही सुरू करू नका, झिंकचा गोंधळ तांब्याने निस्तरायला जाऊ नये.

सायली_मुलुंड
धागा बराच पुढे गेलाय, सगळं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. अपडेट देते.

फिजिशियननी तिन्ही पाकिटं टेबलावर मांडायला सांगितली आणि स्वतः बेरीज केली. रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशी कमी, लोह आणि बी१२ ठीक, सीरम कॉपर आणि सेरुलोप्लाझ्मिन दोन्ही बरंच खाली. नुसतं झिंक आणि मल्टीविटामिन बंद केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांशी ते स्वतः फोनवर बोलले, कमी झिंकवाला प्रकार बदलून दिला. तांबं काही आठवडे औषध म्हणून दिलंय, मग परत तपासणी. न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट पण घेतलीय.

आईला सगळ्यात जास्त काय लागलं तर कळशीतलं पाणी पुरलं नाही हे. मी तिला तांबट यांचा हिशोब दाखवला, मग म्हणाली, म्हणजे कळशीची चूक नाही ना, मग झालं.

@स्टेथो, मुंग्या जातील का हो?

स्टेथो
बरं झालं वेळेत गेलात. रक्ताचे आकडे सहसा काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत सुधारतात. नसांचं काम हळू असतं, काहींना बराच आराम पडतो, काहींचं आहे तिथे थांबतं. थांबलं तरी खूप मिळवलं, कारण झिंक चालू राहिलं असतं तर वाढत गेलं असतं. फिजिओ सुरू करा आणि जिन्यावर कठडा धरायला अजिबात लाजू नका म्हणावं.

पाध्येकाका
सायली, आईंना माझा नमस्कार सांग. एक विचारायचं राहिलं, त्यांची कवळी आहे का? काही कवळी चिकटवायच्या क्रीममध्ये झिंक असायचं आणि ट्यूबच्या ट्यूब वापरणाऱ्यांना अगदी हाच त्रास झाल्याचं मागे वाचलं होतं. माझी ट्यूब मी आजच बघितली, झिंक नाही.

सायली_मुलुंड
नाही काका, दात अजून स्वतःचे आहेत. पण मामाची कवळी आहे, त्याची ट्यूब बघायला सांगते लगेच.

नुसतावाचक
इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारतो. मुलगा चार वर्षांचा, जुलाब झाले म्हणून बालरोगतज्ज्ञांनी ओआरएससोबत झिंक सिरप २० मिग्रॅ दिलंय १४ दिवस. हा धागा वाचून बायको म्हणते बंद करू या. द्यावं की नाही?

स्टेथो
द्या, पूर्ण १४ दिवस द्या, जुलाब आधी थांबले तरी. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ २००४ पासून हेच सांगतायत, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १० मिग्रॅ, त्यावरच्यांना २०, दहा ते चौदा दिवस. एवढ्या दिवसांत तांबं संपत नाही. चौदा दिवस झाले की बाटली उरली तरी पुढे चालू ठेवू नका.

नुसतावाचक
धन्यवाद डॉक्टर. आज सहावा दिवस आहे, चालू ठेवतो.